रविवारची साक्ष

आधीच माफी मागून ठेवतो. लिहायला बसण्याचा माझा अधिकार काय? आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर एक ओळ लिहिली नाही. बा अंगठा लावतात. आईला स्वतःचं नाव वाचता येतं, लिहिता येत नाही. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला, एवढंच. माझं मराठी बैठकेतलं आहे — म्हणजे शाळा सुटल्यावर गावातल्या पत्र्याच्या खोलीत, गुरुजींसमोर चटईवर बसून शिकलेलं. घरी आम्ही वाक्य मराठीत सुरू करतो आणि क्रेओलमध्ये, म्हणजे आमच्या बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, संपवतो. तेव्हा एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या. शब्द चुकणं वेगळं, आणि — असो. तिथपर्यंत यायला मला वेळ लागणार आहे.

ही गोष्ट मी मराठीत आजवर कुणालाही सांगितलेली नाही. क्रेओलमध्ये सांगितली, तीही तीन वर्षं तोंड मिटून बसल्यावर. कार्तिए मिलितेरच्या आसपासच्या आपल्या मराठी घरांत माझ्याबद्दल एक कथा अजून फिरते. शंकर म्हणे रविवारी कामाला जायला नाही म्हणाला, म्हणून मालकाने त्याला काढलं, आणि मग तो येशूच्या मंडळीत गेला. कुणी हे सांगताना तोंड वाकडं करतं. कुणी मान हलवून म्हणतं, पोरगं आपल्यातून गेलं, पण ताठ मानेने गेलं. तुमच्याही कानावर आली असेल. तिच्यातलं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते सांगायला बसलो आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उसाच्या शेतांना लागून स्वेटर विणायचे कारखाने उभे राहत होते. स्वेटर अर्थात आमच्यासाठी नव्हते, युरोपातल्या थंडीसाठी होते. शाळेची परीक्षा झाल्यावर मी अशाच एका कारखान्यात तपासणीला लागलो. काम सोपं. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो. स्वेटर काचेवर पसरायचा, हात आत घालून ताणायचा, आणि उजेड कुठून निसटतो ते बघायचं. टाका सुटला असेल तर तिथे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका चमकतो. ठिपका नसेल तर आपल्या नंबरची चिठ्ठी स्वेटरात घालायची आणि पुढचा घ्यायचा. माझा नंबर एकोणीस. बांना त्या नंबरचं फार कौतुक होतं. त्यांच्या हातात जन्मभर ऊस तोडायचा कोयता, आणि मुलगा खुर्चीवर बसून चिठ्ठी घालतो, मग ती चिठ्ठी बोटीने समुद्रापार जाते. ते शेजाऱ्यांना सांगायचे, आमच्या शंकरने बघितल्याशिवाय माल हलत नाही.

वर्षभराने ती नोकरी गेली. का गेली, हे लिहायला अजून हात पुढे होत नाही. आधी गेल्यावरचं सांगतो.

त्याच मालकाचा दुसरा कारखाना सांत्र द फ्लाकला होता. तिथे तरी घेतील, या आशेने मी बसने गेलो. फाटकावरच्या माणसाने वहीत माझं नाव बघितलं आणि हाताने वाट दाखवली — आलास तसा जा, अशी. मी समोरच्या रस्त्याखालून जाणाऱ्या मोरीच्या कठड्यावर बसलो. पुढची बस आली, गेली. त्याच्या पुढचीही गेली. पुन्हा नकार घेऊन बांच्या समोर उभं राहायची ताकद नव्हती, म्हणा.

जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर आल्या. त्यांतली एक, चाळिशीची, डोक्याला निळा रुमाल बांधलेली, येऊन माझ्या शेजारी बसली. तिने आपला पाव मधोमध मोडला — आत वांग्याची चटणी होती — आणि अर्धा माझ्या हातात ठेवला. नाव विचारलं नाही. आधी खा म्हणाली. ती मादाम जोझेफीन. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात तीन मुलं. कारखान्यात ती गळ्याच्या पट्ट्या जोडायची. गोल यंत्रावर सुयांची रांग असते, आणि प्रत्येक सुईवर स्वेटरचा एकेक टाका बोटाने चढवावा लागतो. एक जरी सुटला तरी धुताना सगळा गळा उसवतो. तिची बोटं सुयांनी टोचून टोचून खरबरीत झाली होती. त्या बोटांनी तिने मला पाव दिला, आणि रविवारी मिशनमध्ये ये म्हणाली. पोटासाठी नव्हे हं, असंही म्हणाली. पोटासाठी मी रोज इथे असते.

मी गेलो. खरं सांगू? जायला दुसरं ठिकाण नव्हतं म्हणून गेलो. बाजाराच्या मागे पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, एक गिटार. आपली माणसं चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जातात, नवस बोलतात, परत येतात, त्यात काही विशेष नाही. पण इथे मेणबत्ती नव्हती, मूर्ती नव्हती. लोक डोळे मिटून, शेजारच्याशी बोलावं तसं देवाशी बोलत होते. पहिल्या रविवारी मी हसू दाबलं. तिसऱ्या रविवारी मी रडलो. का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. एवढं कळलं की कारखान्याच्या वहीत ज्याचं नाव खोडलं होतं, त्याला कुणीतरी नावाने ओळखत होतं.

त्या आधारावर मी उभा राहिलो, यात तिळमात्र खोटं नाही. सकाळी बांच्या बरोबर ऊस तोडायला जाऊ लागलो. ज्या हातांत पेन शोभायचं त्या हातांना फोड आले, आणि मला लाज वाटली नाही. शेताच्या बांधावर बसून मी प्रार्थना करायचो, दुपारी पुस्तक उघडायचो. नोकरी गेल्यावर माणूस स्वतःला रोज थोडा थोडा टाकून देतो — ज्यांची गेली असेल त्यांना माहीत आहे. मला प्रभूने उचललं. हे मी कुणापुढेही सांगेन.

मग अडचण काय? अडचण अशी, की मला ते सांगायला उभं केलं.

मिशनमध्ये रीत आहे. गाणी झाली की पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, विचारतात, आज साक्ष कोण देणार? ज्याला देवाने काही दिलं तो उठतो आणि आपली गोष्ट सांगतो. दोन महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आधी तोंतों गास्तों, म्हणजे गास्तों काका, उठले होते, मिशनमधले सगळ्यांत वडीलधारे. रोज संध्याकाळी दारू पिऊन गटारात सापडणारा माणूस, नऊ वर्षं थेंबाला शिवला नव्हता. त्यांच्या आधी एक बाई, जिच्या मुलाला डॉक्टरांनी परत पाठवलं होतं, आणि तो मुलगा तिच्या शेजारी बसून केळं खात होता. आणि मी? माझी गोष्ट काय होती?

आता लिहितो.

माझ्या टेबलाच्या खणात भौतिकशास्त्राचं पुस्तक असे. मला एच.एस.सी.ची परीक्षा बाहेरून द्यायची होती. मी खण चार बोटं उघडा ठेवायचो, एक डोळा पुस्तकावर. हळूहळू दोन्ही डोळे पुस्तकावर. हात मात्र चालायचे — स्वेटर घ्या, चिठ्ठी घाला, घडी करा. स्वेटर काचेवर पसरायचंच बंद झालं. काचेखालचा दिवा दिवसभर रिकाम्या काचेवर जळायचा. एके दिवशी युरोपातून माल परत आला, आणि प्रत्येक स्वेटरात एकोणीस नंबरची चिठ्ठी. देखरेखीच्या माणसाने सगळ्यांसमोर एक स्वेटर उचलला, सुटलेल्या टाक्यात करंगळी घातली आणि हळूच खाली ओढली. टाके उसवत गळ्यापासून कमरेपर्यंत शिडी पडली. त्याने चिठ्ठी माझ्या खिशात घातली.

आणि रविवार? जास्तीच्या कामाला रविवारी बोलवायचे, तेव्हा मी कधी नाही म्हटलं नाही. उलट खुशीने जायचो. रविवारी देखरेख कमी, वाचायला जास्त मिळायचं.

हे मी मिशनमध्ये उठून सांगायला हवं होतं. किती सोपं होतं! तिथे चोर उठून चोरी सांगत. पण मी शिकलेला मुलगा. मला माझी लाज त्यांच्या लाजेपेक्षा लहान वाटली — आणि लहान लाज सांगायला फार कठीण जाते. गटारात पडलेला माणूस उठून उभा राहतो तेव्हा लोक रडतात. स्वेटर न बघता चिठ्ठी घालणारा उभा राहिला तर लोक काय करतील? जांभई देतील.

म्हणून मी उभा राहून म्हणालो, की मला रविवारी कामाला बोलावलं आणि मी गेलो नाही. तेव्हा मी प्रभूला ओळखतही नव्हतो, तरी मनात काहीतरी म्हणालं, हा दिवस तुझा नाही. म्हणून मला काढलं.

कुठून आलं हे? तोंड उघडेपर्यंत माझ्याही डोक्यात नव्हतं. पण आलं ते अंगावर बेतलेल्या सदऱ्यासारखं आलं. पत्र्याखाली आमेन, आमेन झालं. तोंतों गास्तोंनी माझे दोन्ही हात धरले. आणि जोझेफीन — ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या त्या बघण्यावर मी पुढे कितीतरी दिवस जगलो. हे लिहिताना मान खाली जाते.

आता बांबद्दल सांगायला हवं. ज्या दिवशी कामावरून काढलं, त्याच दिवशी घरी मी सगळं खरं सांगितलं होतं — खण, पुस्तक, शिडी, सगळं. बांसमोर मला दुसरं जमत नाही. ते ऐकून उठले आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी एक कोयता पाजळून आणला. मिशनमध्ये जाऊ लागलो तेव्हाही म्हणाले, देव कोणता धरायचा ते तू बघ, आईला रडवू नकोस, गणपतीला घरी असायचं. मी घरी असायचो.

साक्षीनंतर पंधरा दिवसांनी जोझेफीन आमच्या घरी आली. रताळ्याच्या करंज्या घेऊन, दोन बस बदलून. आईवडिलांना भेटायचं होतं तिला. व्हरांड्यात बसून तिने बांना क्रेओलमध्ये सांगितलं, की मिस्ये रामजी, तुमच्या मुलाने देवासाठी नोकरी सोडली, असा मुलगा मला असता तर मी गावभर नाचले असते. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. बांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग करंजीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि छान झालीय म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी बशी उचलली आणि मराठीत म्हणाले,

"त्या बाईस तूच सांग. मी नाय सांगणार."

मी सांगितलं नाही. आणि एक गोष्ट बदलली, जी मी फार उशिरा समजलो. तोपर्यंत घरातला प्रत्येक कागद मी वाचायचो — उसाच्या पावत्या, सरकारी नोटिसा, आजोळची पत्रं. बा समोर बसायचे, मी वाचायचो. त्यानंतर बा आपले कागद शेजारच्या मास्तरांकडे नेऊ लागले. मला वाटलं, मी ख्रिस्ती झालो म्हणून. मनात म्हटलं, प्रभूसाठी हेही सोसू. किती सोयीचं होतं ते! आपल्या खोटेपणाची शिक्षा मी विश्वासाची किंमत म्हणून मिरवली.

मिशनमध्ये मात्र वाचायचं काम माझ्याकडेच आलं. जोझेफीनला वाचता येत नव्हतं. शास्त्राचं पुस्तक ती छातीशी धरून यायची आणि सभेच्या आधी माझ्या मांडीवर ठेवायची. मी फ्रेंचमधून वाचायचो, क्रेओलमध्ये सांगायचो. मी जे वाचेन ते तिथे लिहिलेलं आहे, यावर तिचा संपूर्ण भरवसा होता. तुम्हाला कुणी असा भरवसा दिला आहे का?

सहा-सात महिने गेले. फ्लाकच्या कारखान्यात मोठी ऑर्डर आली. रविवारसुद्धा भरायचे, असं फर्मान निघालं. जोझेफीनने यंत्रावरून मान वर केली आणि मी येणार नाही म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिला काढलं.

त्या रविवारी ती साक्ष द्यायला उठली. तिचे पाय कापत होते, मला बाकावरून दिसत होते. भीती वाटते म्हणाली. घरी तीन तोंडं आहेत म्हणाली. मग तिने माझ्याकडे बोट केलं. या मुलाने, प्रभूला ओळखत नसताना जे केलं, ते मी ओळखत असून का करू नये? असं मी स्वतःला विचारलं — असं म्हणाली. सगळ्या मंडळीने माझ्याकडे वळून बघितलं. काय करायला हवं होतं मी? उठायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. अजून वेळ होता. ती दुसऱ्या दिवशी जाऊन मालकाचे पाय धरू शकली असती.

मी मोठ्याने आमेन म्हटलं.

पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं, असं मी म्हणू शकतो. हे आमेन निसटलं नव्हतं. ते मी म्हटलं. माझा अपराध कोणता, असं विचाराल तर मी हाच दाखवीन.

पुढे दोन वर्षं मी तिला बसस्टँडवर मिरचीच्या भज्यांची टोपली घेऊन उभी राहिलेली बघत होतो. पहाटे उठून तळायची, पहिल्या बसच्या कंडक्टरांशी भांडायची, हसायची. मी भजी घ्यायचो तेव्हा एक जास्त घालायची — अभ्यास करणाऱ्याला लागतं म्हणायची. मी एच.एस.सी. पास झालो तेव्हा सगळ्या स्टँडला तिने ओरडून सांगितलं. विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवशी आई रडली, बांनी नवी चप्पल आणली, आणि मिशनमध्ये सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. तिचाही हात होता, सुयांनी खरबरीत झालेला. मी त्या हाताखाली देवाला म्हटलं, हे थांबव. देवाने थांबवलं. पण माझ्या मनासारखं नाही.

कुणीतरी तिला लेबर ऑफिसात नेलं होतं. तक्रार तिथे पडून होती. अचानक बोलावणं आलं, आणि साहेबाने विचारलं की या मालकाने रविवारसाठी आधी कुणाला काढलं आहे का. जोझेफीन आनंदाने म्हणाली, काढलंय ना. साहेब म्हणाला, त्याला घेऊन या, त्याचं लिहून घेऊ, मग तुमची बाजू पक्की.

ती मला शोधत विद्यापीठाच्या फाटकापर्यंत आली. दोन आठवड्यांनी यायचं म्हणाली. मी परीक्षेचं कारण सांगितलं. तिने तारीख बदलून आणली.

आता माझ्यापुढे काय होतं? साहेबासमोर बसून तेच खोटं सांगितलं असतं, तर कारखान्याच्या वहीत माझं खरं कारण लिहिलेलं होतं. मालकाने वही पुढे केली असती, आणि माझ्याबरोबर तिचाही खरा शब्द खोटा ठरला असता. आलोच नसतो तर तिची बाजू लंगडी. तीन दिवस मी ना धड जेवलो ना वाचलं. आणि खरं सांगतो, त्या तीन दिवसांत पहिल्यांदा मी अशी प्रार्थना केली जिच्यात माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. उत्तर आलं ते आवाजात नाही आलं. एवढंच जाणवलं, की नोकरी गेली तेव्हा ज्याने मला उचललं तो माझं खोटं ऐकून उचलायला आला नव्हता. तो साक्षीच्या आधीच आला होता. मोरीच्या कठड्यावर, अर्धा पाव घेऊन. मग मला कशाचं भय? खोट्या दारातून मी मंडळीत मोठा झालो, पण आत जो होता तो खरा होता — आणि त्याला माझी एकोणीस नंबरची चिठ्ठी कधीच नको होती.

चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात डाळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खण, पुस्तक, शिडी, रविवार, आमेन. तिने सूप खाली ठेवलं नाही. निवडत राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा हाकलून देईल.

"म्हणजे तुला वाटतं," ती शेवटी म्हणाली, "मी तुझ्यासाठी नाही म्हणाले?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"फार मोठा समजतोस रे स्वतःला, पोरा. मी ज्याच्यासाठी नाही म्हणाले तो काही तुझ्या तोंडाने बोलत नाही." एक खडा तिने उचलून लांब फेकला. "पण त्या दिवशी मी उभी होते, माझे पाय कापत होते, आणि तू आमेन म्हणालास. ते का?"

मी सुपातला एक खडा उचलला आणि मुठीत धरला.

"रविवारी उभा राहा," ती म्हणाली. "तुझेही पाय कापू देत."

कापले. त्या रविवारी मी पत्र्याखाली उभा राहिलो आणि ते इतके कापले की पुढचं बाक धरावं लागलं. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. कुणी आमेन म्हटलं नाही. गिटारवाला तारा पुसत बसला. तोंतों गास्तों उठून बाहेर गेले, आणि पुढे बरेच महिने त्यांनी मला हात दिला नाही. ते बरोबरच होतं. पण दोस्तहो, बोलून झाल्यावर मी बसलो तेव्हा माझ्या छातीत जी जागा झाली, ती मी आधी कधी अनुभवली नव्हती. परीक्षेच्या निकालाने नाही, प्रवेशाने नाही. मी हरलो होतो सगळ्यांसमोर, आणि गावात पालखी फिरावी तसं आतून वाजत होतं. दाराकडे बघितलं तर बाहेर लिचीच्या झाडाखाली बा उभे होते, टोपी हातात घेऊन. मिशनच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या दिवशीही टाकलं नाही. मी घरी सकाळी सांगून निघालो होतो, की आज सांगणार आहे. घरी परतताना बसमध्ये ते खिडकीतून ऊस बघत बसले. उतरताना म्हणाले, यंदा वाढ बरी आहे.

संध्याकाळी त्यांनी एक सरकारी नोटीस आणून माझ्यासमोर ठेवली. दीड महिना जुनी, घडी पडलेली. मास्तरांनी ती वाचून दाखवलेली होती, हे मला माहीत होतं.

"वाच," बा म्हणाले.

मी वाचली.

जोझेफीन माझ्याशिवाय लेबर ऑफिसात गेली. साहेबाला म्हणाली, तो मुलगा उपयोगाचा नाही, त्याला वेगळ्या कारणाने काढलं होतं, मीच एकटी आहे. मला वाटलं, आता संपलं. पण हे फ्लाकच्या कारखान्यात कळलं — ती एकटी पडल्याचं — आणि तिच्या जुन्या रांगेतल्या दोघी, एक मुसलमान, एक आपल्याकडची मराठी बाई, सुट्टी टाकून तिच्या बाजूने बोलायला गेल्या. तिला रविवारचं कारण देऊनच काढलं, आम्ही ऐकलंय, असं त्यांनी सांगितलं. मग पुन्हा महिने गेले. काहीच आलं नाही. भजी तळणं चालू राहिलं.

गेल्या शनिवारी ती आमच्या घरी आली. तोच निळा रुमाल. पिशवीतून तिने लांब पाकीट काढलं. न फोडलेलं. तीन दिवसांपूर्वी आलं होतं. तिच्या मोठ्या मुलीला आता वाचता येतं, पाळकांना येतं, शेजारी शाळामास्तर आहे. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"तू वाच," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही."

जे पुढे आलं त्याने माझ्या खोट्याचा रंग बदलत नाही, हे मी इथेच लिहून ठेवतो. दोन वर्षं ती स्टँडवर उभी राहिली, ती माझ्या आमेनमुळे थोडी तरी जास्त एकटी उभी राहिली. तेवढं माझं. बाकी तिचं, आणि तिच्या देवाचं — जो माझाही आहे.

बा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. आई आतून हात पुसत आली. मी पाकीट फोडलं. बा मराठीत म्हणाले, सावकाश, एक शब्दपण सोडू नको.

मी आधी फ्रेंचमध्ये वाचलं, जसं होतं तसं. मग तिच्यासाठी क्रेओलमध्ये. मग आईसाठी मराठीत. सोमवारपासून मादाम जोझेफीन यांना त्यांच्या जुन्या यंत्रावर, पूर्वीच्या जागी परत घेतलं आहे. आणि त्या कारखान्यातल्या कोणाही कामगारावर यापुढे रविवारच्या कामाची सक्ती करता येणार नाही. खाली सही, शिक्का. मी शिक्क्यावरची अक्षरंसुद्धा वाचली.

जोझेफीनने आपले खरबरीत हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली, जणू ते कुणाचे आहेत हे तिला आत्ता कळलं. मग ती हळूच आमेन म्हणाली. बा गोंधळले. पाहुणी काही म्हणाली की मागोमाग म्हणायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक — त्यांनीही म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा, जड जिभेने.

सगळ्यांत शेवटी मी म्हटलं.